काजव्यांना माती

16 एप्रिल 1988 रोजी जपानच्या चित्रपटगृहांमध्ये एकाच तिकिटावर दोन ॲनिमेशनपट लागले. पहिला हायाओ मियाझाकींचा 'तोनारी नो तोतोरो'. खेड्यात राहायला आलेल्या दोन बहिणी, रानातला एक भला मोठा केसाळ जीव आणि सगळीकडे हिरवाई. दुसरा इसाओ ताकाहातांचा 'होतारू नो हाका', म्हणजे 'काजव्यांचे थडगे'. त्यात चौदा वर्षांचा सेता आणि चार वर्षांची त्याची बहीण सेत्सुको 1945 च्या उन्हाळ्यात अन्नावाचून मरतात. कोणता चित्रपट आधी लावायचा, हे चित्रपटगृहागणिक बदलत असे. 'तोतोरो' आधी पाहून हसत बसलेल्या मुलांना पुढचा दीड तास काय पाहावे लागले असेल, याची कल्पना करवत नाही.

त्या पहिल्या आठवड्यांतल्या प्रेक्षकांनी आणखी एक गोष्ट पाहिली. मध्येच पडद्यावरचा रंग गेला. सेता शेतात भाजी चोरताना पकडला जातो आणि शेतकरी त्याला मारतो, त्या प्रसंगाच्या आसपास आकृत्यांना नुसत्या रेषा होत्या, आत रंग नव्हता. काहींना ही दिग्दर्शकाची योजना वाटली. प्रत्यक्षात चित्रपट वेळेत पुरा झाला नव्हता. प्रदर्शनाची तारीख हलवता येईना, म्हणून आहे तो तसाच लावला गेला. उरलेले रंगकाम नंतर पूर्ण करून रिळे बदलण्यात आली. ताकाहातांना याची इतकी लाज वाटली की दिग्दर्शन सोडण्याचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

आज या चित्रपटाचे नाव जगातल्या थोर युद्धपटांत घेतले जाते. 'एकदाच पाहावा असा चित्रपट' अशी त्याची ख्यातीही आहे, कारण दुसऱ्यांदा पाहायची हिंमत होत नाही असे लोक सांगतात. माझे म्हणणे याच्या उलट आहे. पहिल्या वेळी आपण रडतो, आणि त्या रडण्यात ताकाहातांनी विचारलेला प्रश्न वाहून जातो. युद्ध वाईट असते हे सांगण्यासाठी आपण हा चित्रपट केला नाही, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. जगाने ते फारसे मनावर घेतले नाही.

मूळ कथा अकियुकी नोसाका यांची. 1967 मध्ये ती एका मासिकात छापून आली आणि जपानमधल्या मानाच्या नाओकी पुरस्काराने गौरवली गेली. नोसाका 1930 चे. कोबेतल्या एका घरात ते दत्तक गेले होते. 5 जून 1945 च्या सकाळी अमेरिकेच्या बी-29 विमानांनी कोबेवर आगीचे बॉम्ब टाकले. नोसाकांचे घर गेले, दत्तक वडील गेले, आई भाजली. चौदा वर्षांचा हा मुलगा दत्तक बहिणीला, केइकोला, घेऊन आधी निशिनोमियात नातलगांकडे आणि पुढे फुकुई प्रांतात गेला. तिथे 22 ऑगस्टला, म्हणजे शरणागतीनंतर आठवड्याभरात, केइको उपासमारीने वारली. ती जेमतेम सव्वा वर्षाची होती.

कथेतला सेता बहिणीसाठी जिवाचे रान करतो. नोसाकांनी पुढे स्वतःच लिहिले आणि सांगितले की मी तसा नव्हतो. तिच्या वाटणीचे अन्न मी खाल्ले, रडते म्हणून तिला मारले. कथेतल्या भावाला त्यांनी आपल्यात नसलेली माया दिली आणि शेवटी त्यालाही मारून टाकले. जगण्याचा अपराध ज्याला पुसता आला नाही अशा माणसाने बहिणीची मागितलेली ही क्षमा आहे. कथेचे चित्रपट करण्याचे प्रस्ताव पूर्वीही आले होते, पण पडद्यावर हे उभे राहील असे नोसाकांना वाटत नसे. जळून सपाट झालेले ते शहर आणणार कुठून? आणि चार वर्षांच्या कोणत्या मुलीला उपाशी ठेवून तिच्या फासळ्या दाखवणार? ताकाहातांची कामाची चित्रे पाहिल्यावर मात्र, हे ॲनिमेशनखेरीज दुसऱ्या कोणत्याच मार्गाने जमले नसते, असे त्यांना पटले.

ताकाहातांनाही हे सगळे दुसऱ्याकडून ऐकण्याची गरज नव्हती. त्यांचा जन्म 1935 चा, बालपण ओकायामा शहरातले, वडील मुख्याध्यापक. 29 जून 1945 च्या पहाटे ओकायामावर हल्ला झाला आणि सतराशेहून अधिक माणसे मेली. नऊ वर्षांचे इसाओ झोपेच्या कपड्यांत, अनवाणी, एका बहिणीसोबत आगीतून पळत सुटले. घरच्यांची गाठ पडली ती दोन दिवसांनी. पुढे ते तोक्यो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकले आणि 1959 मध्ये तोएई कंपनीच्या ॲनिमेशन विभागात लागले. ते स्वतः चित्रकार नव्हते. चित्रकारांच्या या धंद्यात चित्र न काढता दिग्दर्शक झालेला माणूस विरळाच. त्यामुळेच असेल, पण कोणत्या माणसाने कोणती हालचाल कशी करावी याबद्दल त्यांचे समाधान होणे महाकठीण असे. आगीच्या बॉम्बचेच पाहा. चित्रपटांत ते पडतात आणि धडाधड फुटतात. ताकाहातांना आठवत होते ते वेगळे होते: वर हवेत पुडके सुटते, नळ्या पावसासारख्या खाली येतात, छपरांवर आणि गटारांत पडून राहतात आणि मग पेटलेला चिकट द्रव सांडत जातो. 'काजव्यांचे थडगे'मधला हल्ला असा आहे. त्यात मोठा स्फोट जवळजवळ नाहीच. रस्ता रिकामा असतो, घरांची छपरे हळूहळू धुमसू लागतात आणि सेता पाठीवर बहिणीला बांधून नुसता उभा राहून पाहत असतो. युद्धपटांत इतका शांत आणि इतका भीतिदायक हल्ला मी दुसरा पाहिलेला नाही.

हा चित्रपट होऊ शकला तो मात्र 'तोतोरो'मुळे. मियाझाकींचा प्रस्ताव तोकुमा शोतेन या प्रकाशनसंस्थेने नाकारला होता. रानातल्या भुतासारख्या जीवाची साधीसुधी गोष्ट पाहायला कोण येणार? तेव्हा तोकुमातल्याच तोशिओ सुझुकी यांनी दोन चित्रपट जोडीने करण्याची कल्पना काढली. सुझुकी सांगतात की त्यावर वरिष्ठांची प्रतिक्रिया आणखी वाईट होती: एक भूत होतेच, आता थडगेही आणलेत का? अखेर नोसाकांची कथा ज्यांच्याकडे होती, त्या शिंचोशा या जुन्या, प्रतिष्ठित प्रकाशनसंस्थेने 'काजव्यां'चा खर्च उचलला आणि तोकुमाने 'तोतोरो'चा. दोन प्रकाशक, दोन दिग्दर्शक आणि एकच छोटा स्टुडिओ, घिब्ली. ही व्यवस्था लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण हक्क शिंचोशाकडे राहिल्याचा परिणाम पुढे अनेक वर्षांनी दिसणार होता.

दोन चित्रपट एकाच वेळी दोन वेगळ्या जागी सुरू झाले आणि माणसांची ओढाताण सुरू झाली. सर्वांत मोठा पेच योशिफुमी कोंदो या चित्रकारावरून पडला. ते मियाझाकींनाही हवे होते आणि ताकाहातांनाही. कोंदो ताकाहातांकडे गेले. सेत्सुको ही त्यांची निर्मिती. चार वर्षांच्या मुलीचे ते जड डोके, पाय आपटत चालणे, वाकून पाहताना तोल जाणे, रडू येण्याआधी ओठ मुडपणे, हे सगळे त्यांनी आणि त्यांच्या हाताखालच्या चित्रकारांनी कागदावर आणले. 1998 च्या जानेवारीत कोंदो सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले.

सेत्सुकोचा आवाज दिला आयानो शिराइशी या पाच वर्षांच्या मुलीने. जपानी ॲनिमेशनमध्ये साधारणपणे चित्रे आधी होतात आणि आवाज नंतर चढवला जातो. इथे तिचा आवाज आधी ध्वनिमुद्रित करून त्यावर चित्रे बेतली गेली. सेत्सुकोचे अडखळणे, मध्येच श्वास घेणे, कानसाई भागातली तिची बोली हे सगळे म्हणूनच खरे वाटते.

रंगांचे काम मिचियो यासुदा यांच्याकडे होते. त्या काळी ॲनिमेशनमध्ये आकृत्यांची बाह्यरेषा काळी असायची. या चित्रपटात ती तपकिरी आहे. फरक सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही, पण माणसे पार्श्वचित्रातून उठून न दिसता त्या धुळीत, त्या उन्हात मिसळून जातात ती त्यामुळे. पार्श्वचित्रे निझो यामामोतो यांची. कोबेतले मिकागे सार्वजनिक सभागृह चित्रात आहे तसे आजही उभे आहे. 1933 च्या आसपास बांधलेली ही इमारत बॉम्बहल्ल्यातूनही वाचली आणि 1995 च्या भूकंपातूनही. त्याच शहरातली एक मशीद अशीच दोन्हींतून तगली. ती 1935 मध्ये प्रामुख्याने कोबेत व्यापार करणाऱ्या भारतीय मुसलमानांच्या पैशांतून उभी राहिली होती. सेताच्या कोबेत आपली माणसेही राहत होती, हे मला चित्रपट पाहताना दरवेळी आठवते.

पुढे 'इव्हँजेलियन'मुळे प्रसिद्ध झालेले हिदेआकी आन्नो तेव्हा तरुण होते. सेताचे वडील ज्या 'माया' युद्धनौकेवर असतात ती त्यांनी अतोनात बारकाईने रेखाटली. अंतिम चित्रपटात ती बहुतेक काळ्या छायेसारखी दिसते. मेहनत दिसली नाही, पण जहाज खरे वाटले. ताकाहातांसोबत काम करणाऱ्यांच्या वाट्याला हे नेहमीच यायचे. त्यांच्याकडे घाईला जागा नव्हती. त्या पांढऱ्या, बिनरंगाच्या प्रसंगाचे मूळही तिथेच आहे.

आता गोष्टीकडे येतो, कारण खरा प्रश्न तिच्यात आहे.

आई भाजून मेल्यावर सेता बहिणीला घेऊन निशिनोमियाला येतो. वडिलांकडच्या दूरच्या नात्यातली एक बाई त्यांना घरात घेते. तिला नाव नाही, आपण काकू म्हणू. पहिले काही दिवस बरे जातात. मग तांदूळ कमी होत जातो. काकू आईचे किमोनो विकून तांदूळ आणायला सांगते, सेत्सुको रडते, तरी किमोनो जातात. आलेल्या तांदळातला भात कामावर जाणाऱ्यांच्या ताटात आणि मुलांच्या वाडग्यात पेज. काकू टोमणे मारू लागते. बाकीचे देशासाठी राबतात, तू दिवसभर लोळतोस. आणि हे खोटे नाही! सेताची शाळा जळाली, कारखाना जळाला, पण दुसरे काम तो शोधत नाही. तो मासिक वाचत पडतो, बहिणीला समुद्रावर नेतो. आईने बँकेत ठेवलेले सात हजार येन आहेत हे कळल्यावर तो एक शेगडी विकत आणतो आणि घरातल्या घरात वेगळी चूल मांडतो. एक दिवस हातगाडीवर सामान लादून तो तळ्याकाठच्या एका खंदकवजा आसऱ्यात राहायला जातो. काकू दारात उभी राहून पाहते. तिने जा म्हटलेले नसते आणि राहा असेही ती म्हणत नाही.

तिथे पहिल्या रात्री ते काजवे पकडून मच्छरदाणीत सोडतात. सकाळी काजवे मेलेले. सेत्सुको खड्डा खणून त्यांना माती देते आणि तेव्हा भावाला कळते की आई गेल्याचे हिला काकूने कधीच सांगून टाकले आहे. पुढचे सगळे फार वेगाने होते. चोरी, मार, अंगावर पुरळ, हगवण. डॉक्टर म्हणतो, पोषण द्या, आणि पुढच्या रोग्याकडे वळतो. सेता बँकेतून उरलेले तीन हजार येन काढतो आणि तिथेच त्याला कळते की देश शरण गेला, वडिलांचे आरमार बुडाले. तो कलिंगड, अंडी, तांदूळ घेऊन येतो. उशीर झालेला असतो.

सेत्सुको मरते तेव्हा सेताच्या हातात पैसे आहेत, हे विसरून चालणार नाही. तो काकूची माफी मागून परत जाऊ शकला असता. एका शेतकऱ्याने त्याला तसे सांगितलेही होते. तो गेला नाही. ताकाहातांनी 1988 च्या मुलाखतींत हेच ठळकपणे मांडले: नकोसा अपमान, टोचून बोलणारी माणसे, सक्तीचे समूहजीवन यांच्यापासून हा मुलगा दूर होतो आणि दोघांचेच एक सुंदर घर उभारू पाहतो. त्या काळात असे वागणे जवळपास अशक्य होते. आजच्या मुलांच्या मनाला मात्र ते सहज समजेल. सुबत्तेच्या शिखरावर असलेल्या जपानमधल्या तरुणांना ते आरसा दाखवत होते. काजव्यांच्या उजेडातली ती रात्र इतकी रम्य आहे, ती मुद्दामच. माणसांपासून तुटण्यातले सुख त्यांनी पूर्ण रंगवले आणि त्याची किंमतही पुरती दाखवली.

याच मुलाखतींत त्यांनी एक भीती बोलून दाखवली होती. काळ उलटला, समाज पुन्हा 'सर्वांनी एका सुरात' म्हणू लागला, तर सेताला काकूपेक्षाही कठोर शब्दांत दोष देणारी माणसे बहुसंख्य होतील, आणि ते पाहून अंगावर काटा येईल.

ते घडले. पहिल्या काही वर्षांत जपानी प्रेक्षकांचा राग काकूवर होता. अनेक उन्हाळ्यांत, ऑगस्टच्या सुमारास, निप्पोन टेलिव्हिजन हा चित्रपट दाखवत राहिले आणि एक पिढी काकूचा तिरस्कार करत मोठी झाली. 2005 मध्ये याच वाहिनीने कलाकार घेऊन केलेल्या चित्रपटात गोष्ट काकूच्या बाजूने सांगितली. नानाको मात्सुशिमा या लोकप्रिय नटीने ती भूमिका केली. स्वतःची मुले जगवायची म्हणून दुसऱ्याची मुले डोळ्यांआड करणारी बाई. आणि गेल्या काही वर्षांत तर पारडे पार फिरले. काकूचे काय चुकले, दोष मुलाचा, त्याने काम करायला हवे होते, असे म्हणणारे तरुण प्रेक्षक जपानमध्ये मोठ्या संख्येने आहेत.

मला यातली कुठलीच बाजू पटत नाही आणि माझ्या मते चित्रपटालाही ती मान्य नाही. काकू दुष्ट नाही. टंचाईच्या काळात घर चालवणाऱ्या, आपल्या माणसांना आधी वाढणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. सेताही अपराधी नाही, तो चौदा वर्षांचा आहे आणि नौदल अजिंक्य आहे हे त्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. पण त्या घराच्या अवतीभवती एक अख्खे गाव आहे. शेतकरी, डॉक्टर, शिपाई, स्थानकावर मरणाऱ्या पोराकडे पाहून 'अमेरिकन येणार आणि ही घाण' म्हणणारे लोक. प्रत्येक जण आपापल्या परीने थोडा बरोबर आहे. दोन मुले मेली ती या 'थोडे बरोबर'च्या बेरजेत. मियाझाकींना मात्र मूळ रचनाच मान्य नव्हती. युद्धनौकेवरच्या अधिकाऱ्याचा मुलगा कधीच उपाशी मेला नसता, नौदलातली माणसे आपल्या माणसांच्या मुलांना सांभाळत, ही गोष्ट खोटी आहे, अशी कडक टीका त्यांनी जाहीरपणे केली. जिवलग मित्राने केलेली ही टीका महत्त्वाची आहे. मियाझाकी वास्तवाबद्दल बरोबर असतीलही. पण ताकाहातांचा सेता कुणाचे दार ठोठावतच नाही, आणि त्यांना दाखवायचे होते ते नेमके हे न ठोठावणे.

जपानमध्ये पहिल्या प्रदर्शनात जोडीने लागलेल्या या दोन चित्रपटांना मिळून सुमारे आठ लाख प्रेक्षक आले. हा आकडा मोठा नव्हता. घिब्लीला पैसा नंतर दिला तो तोतोरोच्या मऊ बाहुल्यांनी.

देशाबाहेर 'काजव्यां'चा प्रवास संथ होता. अमेरिकेत सेंट्रल पार्क मीडिया या छोट्या कंपनीने 1993 मध्ये इंग्रजी उपशीर्षकांसह त्याची व्हिडिओ कॅसेट काढली. 1994 मध्ये शिकागोच्या बालचित्रपट महोत्सवात त्याला ॲनिमेशनचा आणि बालहक्कांचा असे दोन पुरस्कार मिळाले. फ्रान्समध्ये तो 1996 ला लागला. पण ज्या एका लेखाने या चित्रपटाचे भाग्य पालटले तो रॉजर एबर्ट यांचा. शिकागोच्या या समीक्षकाने 2000 सालच्या मार्चमध्ये आपल्या थोर चित्रपटांच्या मालिकेत त्याचा समावेश केला आणि आजवरच्या सर्वश्रेष्ठ युद्धपटांच्या कोणत्याही यादीत तो असायलाच हवा असे लिहिले. ॲनिमेशन का, याचे एबर्ट यांचे उत्तर मला आजवर वाचलेल्यांत सर्वांत नेमके वाटते. खऱ्या माणसांच्या चित्रपटात आपले लक्ष आगीच्या करामतीकडे आणि उपाशी दिसणाऱ्या बालकलाकाराकडे गेले असते. चित्रातली सेत्सुको कुणी एक मुलगी नसते, म्हणून आपण सरळ त्या भुकेपर्यंत पोहोचतो.

एबर्ट यांना हे सांगावे लागले, कारण ॲनिमेशन म्हणजे पोराटोरांची करमणूक हा समज तेव्हा जगभर पक्का होता. आपल्याकडेही तोच होता. 1993 मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली आला, शेरखानला नाना पाटेकरांनी आवाज दिला आणि घराघरांत त्याचे गाणे पाठ झाले. ती मालिका निप्पोन ॲनिमेशन या जपानी कंपनीने केलेली होती, हे किती जणांना ठाऊक होते? जपानने या माध्यमात मोठ्या माणसांसाठी काय काय करून ठेवले आहे, ते आपल्यापर्यंत पोहोचायला आणखी बराच काळ गेला.

सर्वांत अवघड वाट कोरियात होती. वसाहतवादाच्या कडू आठवणींमुळे दक्षिण कोरियाने जपानी चित्रपटांवरची बंदी 1998 पासून टप्प्याटप्प्याने उठवली. 'काजव्यांचे थडगे' मात्र तिथल्या चित्रपटगृहांत लागायला 2014 उजाडले. आक्षेप समजण्यासारखा होता. जपानी मुले मरताना दिसतात, पण त्यांचे वडील ज्या आरमारात आहेत ते आशियाभर काय करत होते याची एक चौकटही नाही. मी हा आक्षेप झटकून टाकणार नाही. सेता आरमाराच्या संचलनाची आठवण काढून बहिणीला उत्साहाने सांगतो आणि त्याचे गाणे म्हणतो, त्या क्षणी मुलाचा अभिमान आपण चित्रपटाचा अभिमान समजलो तर तो चित्रपटावर अन्याय होईल. तरीही आक्रमण झालेल्या देशांतल्या प्रेक्षकाने हा फरक करत बसावे, अशी अपेक्षा आपण का धरावी?

ताकाहातांना ही उणीव कळत होती. 'काजव्यां'नंतर त्यांनी आखलेला पुढचा चित्रपट जपानच्या आक्रमणावर होता. शिन शिकाता यांच्या 'कोक्क्यो', म्हणजे 'सीमा', या कादंबरीवर. त्याचा नायक कोरियात वाढलेला एक जपानी तरुण, जो मांचुरियात जातो आणि त्याला आपल्या देशाचे खरे रूप दिसते. जून 1989 मध्ये चीनमध्ये तिआनमेन चौकातले हत्याकांड घडले, चीनशी संबंधित विषयावर चित्रपट काढणे निर्मात्यांना अशक्य वाटू लागले आणि बेत बारगळला. ताकाहातांनी मग 1991 मध्ये 'ओमोहिदे पोरो पोरो' केला, तो वेगळ्याच वाटेचा. 'कोक्क्यो' झाला असता तर 'काजव्यां'शेजारी दुसरा खांब उभा राहिला असता. आशियातल्या प्रेक्षकांनी या दिग्दर्शकाकडे वेगळ्या नजरेने पाहिले असते असे मला मनापासून वाटते, आणि त्या न झालेल्या चित्रपटाची हळहळ मला या लेखातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त आहे.

स्वतः ताकाहाता जपानी संविधानाच्या शांततेच्या कलमाचे, नवव्या कलमाचे, कट्टर पाठीराखे होते. तरी असा चित्रपट पुढचे युद्ध थांबवू शकत नाही, असे ते शेवटच्या वर्षांत पुनःपुन्हा सांगत. लोकांना युद्धातले हाल दाखवले की नेते म्हणतात, असे हाल पुन्हा होऊ नयेत म्हणूनच आपण शस्त्रे घ्यायला हवीत. युद्ध थांबवायचे तर ते सुरू कसे होते ते दाखवले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. 5 एप्रिल 2018 रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने ते गेले. नोसाका त्याआधी, 2015 च्या डिसेंबरात गेले होते.

चित्रपटात सेत्सुको जपून ठेवते तो खाऊच्या गोळ्यांचा लाल डबा बनवणारी साकुमा कंपनीही आता नाही; ती 1908 मध्ये सुरू झाली होती. कच्च्या मालाचे वाढलेले भाव आणि कामगारांची टंचाई यांमुळे 2023 च्या जानेवारीत ती बंद पडली.

घिब्लीचे बहुतेक चित्रपट 2020 मध्ये नेटफ्लिक्सवर आले, पण 'काजव्यां'चे हक्क शिंचोशाकडे असल्याने तो त्या गठ्ठ्यात नव्हता. जपान वगळता इतरत्र तो 16 सप्टेंबर 2024 रोजी तिथे आला आणि पहिल्याच आठवड्यात इंग्रजीखेरीज इतर भाषांतल्या सर्वाधिक पाहिलेल्या दहा चित्रपटांत जाऊन बसला. छत्तीस वर्षे जुन्या, एकाही विनोदी पात्राचा आधार नसलेल्या चित्रपटासाठी हे लहान यश नाही. जपानमध्ये 2025 च्या जुलैत तो नेटफ्लिक्सवर पाहता येऊ लागला आणि त्याच वर्षी 15 ऑगस्टला, शरणागतीला ऐंशी वर्षे झाली त्या दिवशी, सात वर्षांच्या खंडानंतर पुन्हा दूरदर्शनसंचावर दाखवला गेला.

पाहणार असाल तर दोन गोष्टी सांगतो. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना शेजारी बसवून हा चित्रपट लावू नका, त्यांना 'तोतोरो' दाखवा. आणि स्वतः पाहाल तेव्हा शेवट झाल्यावर लगेच बंद करू नका. पहिली पाच मिनिटे पुन्हा लावा. कोबेच्या सान्नोमिया स्थानकात 21 सप्टेंबर 1945 च्या रात्री सेता मरतो, तिथे गोष्ट सुरू होते, आणि लाल उजेडातले त्याचे भूत त्या मरणाऱ्या मुलाकडे पाहत उभे असते. तो त्या तीन महिन्यांतून पुनःपुन्हा जातो आहे आणि त्यातून त्याची सुटका नाही, असे ताकाहातांनी स्वतः सांगितले आहे. शेवटच्या दृश्यात आजच्या कोबेच्या दिव्यांसमोर बाकावर बसलेला सेता क्षणभर थेट आपल्याकडे पाहतो. तेव्हा तुम्ही सेताच्या बाजूने असाल की काकूच्या, ते घरातल्या मोठ्यांशी एकदा बोला. ज्यांनी टंचाई पाहिली आहे त्यांचे उत्तर तुमच्यापेक्षा वेगळे असण्याची शक्यता फार आहे.